मालकीचा दावा चालू द्या, पण वाट मोकळी ठेवा

ऑगस्ट २०२५ मधल्या एका संध्याकाळी शेजारचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा माझ्या भुसावळच्या घरी आला आणि ‘काका, अंतरिम आदेश म्हणजे नेमके काय, आणि तो कोणाला मागता येतो?’ असे विचारू लागला. दिवाणी न्यायालयात वकिली करणाऱ्याला असे प्रश्न नवीन नसतात. पण ते सहसा वाटणीच्या दाव्यातले किंवा बांधाच्या भांडणातले पक्षकार विचारतात. या मुलाच्या घरी असा कोणताही दावा नव्हता. त्याच्या अंगात मुंबई सिटी एफसी या फुटबॉल क्लबाची आकाशी जर्सी होती, आणि मोबाइलवर सामन्यांचे वेळापत्रक असायला हवे तिथे सर्वोच्च न्यायालयाची सुनावणीची यादी उघडलेली होती. हा मुलगा मित्रांबरोबर भुसावळहून रात्रीची गाडी धरून, साडेचारशे किलोमीटरचा प्रवास करून अंधेरीच्या मैदानावर सामने बघायला जात असे. त्या दिवशी पुढचा सामना कधी होणार हे त्याला सांगू शकेल असा देशात कोणीही नव्हता.

जुलैमध्ये इंडियन सुपर लीग या देशातल्या सर्वोच्च फुटबॉल लीगचे आयोजन करणाऱ्या कंपनीने नवा हंगाम थांबवून ठेवल्याचे क्लबांना कळवले होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाबरोबर २०१० मध्ये झालेला पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता, आणि महासंघाच्या घटनेचा प्रश्न २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयात प्रलंबित असल्यामुळे नव्या कराराची बोलणी अडली होती. ऑगस्टमध्येच बेंगळुरू एफसीने पहिल्या संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन थांबवले. १९ सप्टेंबरला न्यायालयाने घटनेला मंजुरी दिली, तरी लीगचे व्यावसायिक हक्क घ्यायला कोणी पुढे आले नाही, आणि डिसेंबरमध्ये मँचेस्टर सिटीची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९ पासून हाती असलेला मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा सोडून दिला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी हंगाम १४ फेब्रुवारीपासून सुरू होईल असे जाहीर केले, तोवर नेहमीचा अर्धा हंगाम हातचा गेलेला होता. ज्या मुलाने क्लबाला आपले मानले, त्याला या सगळ्या काळात एकाही टप्प्यावर कोणी काही विचारले नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने विचारण्याचे कारणही नव्हते.

अशा वेळी वडीलधारी माणसे सहज म्हणून जातात की दुसऱ्याच्या मालमत्तेच्या तंट्यात तुम्ही कशाला जीव जाळता. ज्याचे पैसे, त्याचा क्लब. ज्याचा क्लब, त्याचा दावा. हे बोलणे व्यवहारी वाटते, आणि माझ्या व्यवसायातले अनेक जण ते मान्यही करतील. मला ते मान्य नाही. क्लबाच्या मालकीचा वाद न्यायालयात गेल्यावर चाहत्याला जी हतबलता येते, ती पोरकट भावनाविवशता नसून आपल्या कायद्यातल्या एका खऱ्या उणिवेवर बोट ठेवणारी तक्रार आहे, असे माझे ठाम मत आहे. ही उणीव खानदेशातल्या माणसाला समजावून सांगायला फार कष्ट पडू नयेत, कारण तिच्याशी मिळताजुळता प्रश्न आपण शेतात कधीच सोडवलेला आहे.

काही वर्षांपूर्वी रावेर तालुक्यातील एका शेतकऱ्याचे प्रकरण माझ्याकडे होते. त्याच्या केळीच्या बागेकडे जाणारी गाडीवाट शेजाऱ्याच्या गटातून जात असे. ती पट्टी नेमकी कोणाची, याचा दावा दिवाणी न्यायालयात चालू होता, आणि तो चालू असतानाच शेजाऱ्याने वाट नांगरून टाकली व तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या. आत मृगबागेची केळी कापणीला आलेली होती. केळीचे घड कोणाच्या तारखेसाठी थांबत नाहीत. कापणीचे दिवस उलटले की घड झाडावरच पिकू लागतात आणि व्यापारी त्यांना हात लावत नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली आम्ही तहसीलदारांकडे गेलो. ते स्वतः शिवारात आले, जुन्या चाकोऱ्या पाहिल्या, पंचांना विचारले, आणि वाट मोकळी करून देण्याचा आदेश दिला. त्या दिवशी बाहेर काढलेल्या घडांचा चीक लागून माझ्या सदऱ्यावर पडलेले डाग आजही तसेच आहेत. पट्टीच्या मालकीचा दावा त्यानंतरही अनेक वर्षे चालला. तहसीलदारांनी मालकी ठरवली नाही, कारण तो त्यांचा अधिकारच नव्हता; त्यांनी एवढेच पाहिले की वहिवाट होती की नव्हती, आणि ती अडवली गेली की नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच्या या कायद्यामागची समज माझ्या मते फार थोर आहे. मालकी हा एक प्रश्न आणि वहिवाट हा दुसरा. पहिल्याला वेळ लागणार हे गृहीत धरून दुसऱ्याचे उत्तर आधी द्यायचे, कारण तोवर पीक थांबणार नाही. फुटबॉलचा हंगाम हेही असेच नाशवंत पीक आहे. खेळाडूच्या उमेदीची वर्षे आठ-दहा असतात आणि त्यांतले एक वर्ष दाव्यात गेले, तर कोणताही हुकूमनामा ते परत करत नाही. तरीही जगभर क्लबांच्या मालकीचे तंटे जवळजवळ सर्वत्र निव्वळ मालमत्तेचे तंटे म्हणून चालवले गेले आहेत.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्री सिटीचे उदाहरण मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करते. १९८७ चा एफए कप ही इंग्लंडमधली मानाची स्पर्धा जिंकलेल्या या क्लबाने हायफील्ड रोड हे १०६ वर्षांचे जुने मैदान सोडून २००५ मध्ये नव्या स्टेडियमवर खेळायला सुरुवात केली, पण ते स्टेडियम क्लबाच्या मालकीचे नव्हते. क्लब ज्या गुंतवणूक कंपनीच्या ताब्यात होता तिने भाड्याच्या वादातून २०१२ मध्ये भाडे देणे थांबवले. शहराच्या नगरपरिषदेने स्टेडियमच्या कंपनीला १ कोटी ४४ लाख पौंडांचे कर्ज दिले म्हणून तिने नगरपरिषदेविरुद्ध उच्च न्यायालयात आव्हान दिले, आणि ते २०१४ मध्ये फेटाळले गेले. कागदावर हा कर्जाचा आणि भाडेपट्ट्याचा वाद होता. शहरातल्या माणसासाठी त्याचा अर्थ असा झाला की २०१३-१४ चा संपूर्ण हंगाम आपला संघ ‘घरचे’ सामने पंचावन्न किलोमीटरवरच्या नॉर्थॅम्प्टनमध्ये खेळला. जळगावच्या संघाने घरचे मैदान म्हणून अमळनेरला जावे, साधारण तेवढे अंतर. तिथल्या मैदानाशेजारी एक टेकडी आहे. तिकिटाचे पैसे देणे म्हणजे मालकांच्या वागण्याला संमती देणे असे मानणारे, पण संघाला एकटे सोडणेही ज्यांना जमत नव्हते, असे अनेक चाहते त्या टेकडीवर थंडीवाऱ्यात उभे राहून, मैदानाचा जेवढा तुकडा दिसेल तेवढा पाहून ओरडत असत. वहिवाट अडवली गेल्यावर माणूस बांधावर उभा राहून आपल्याच पिकाकडे पाहतो, तेच हे दृश्य आहे. सप्टेंबर २०१४ मध्ये संघ शहरात परतला, तेव्हा पहिल्याच सामन्याला २७ हजारांहून अधिक लोक आले. एवढे होऊनही तंटा मिटला नाही. स्टेडियम नव्या मालकांना विकले गेल्यावरून क्लबाच्या मालकांनी चालवलेल्या न्यायालयीन प्रकरणांपायी २०१९ ते २०२१ हे दोन हंगाम क्लबाला पुन्हा शहराबाहेर, बर्मिंगहॅममध्ये काढावे लागले.

यावर कोणी म्हणेल की न्यायालये मुळात संथच असतात, त्याला इलाज नाही. लिव्हरपूलचे प्रकरण याला उत्तर देते. ऑक्टोबर २०१० मध्ये दोन अमेरिकी मालकांचा विरोध डावलून संचालक मंडळाच्या बहुमताने क्लब ३० कोटी पौंडांना विकायचे ठरवले. मालकांनी संचालकच बदलण्याचा प्रयत्न केला, लंडनच्या उच्च न्यायालयाने १३ तारखेला तो अमान्य केला, मालकांनी टेक्ससमधील डॅलसच्या न्यायालयातून मनाई आदेश आणला, लंडनने दुसऱ्याच दिवशी तो मागे घ्यायला लावला आणि १५ तारखेला विक्री पूर्ण झाली. दोन खंडांतली न्यायालये तीन दिवसांत धावली, कारण बँकेच्या कर्जफेडीची मुदत १५ ऑक्टोबरला संपत होती. त्या वेळी संघ सात सामन्यांत सहा गुणांसह अठराव्या स्थानावर होता, कर्ज न फिटल्याने क्लब प्रशासकाच्या ताब्यात गेला असता तर आणखी नऊ गुण कापले जाण्याची भीती होती, आणि १७ तारखेला एव्हर्टनशी सामना होता. न्यायालयासमोर १५ ही तारीख होती. १७ ही तारीख कोणाच्याही अर्जात नव्हती. धावण्याची ताकद व्यवस्थेत असते. ती कोणाच्या तारखेसाठी धावते, हा प्रश्न आहे.

आपल्याकडे कोलकात्याच्या ईस्ट बंगालची गोष्ट २०२१ मध्ये घडली. १९२० मध्ये स्थापन झालेल्या या क्लबाने गुंतवणूकदार कंपनीबरोबर प्राथमिक करार करून सुपर लीगमध्ये प्रवेश मिळवला, पण क्रीडाविषयक हक्क हस्तांतरित करणाऱ्या अंतिम करारावर सही करायला क्लबाच्या कार्यकारी समितीने नकार दिला. दोन्ही बाजूंना आपापले म्हणणे होते, आणि करार वाचणाऱ्या कोणत्याही वकिलाला ते समजू शकले असते. पण २१ जुलै २०२१ रोजी क्लबाच्या दारात जमलेल्या चाहत्यांवर पोलिसांचा लाठीमार झाला. अखेर मुख्यमंत्र्यांच्या मध्यस्थीने वर्षभरासाठी तोडगा निघाला. संघाची बांधणी उशिरा, घाईघाईने झाली आणि तो हंगामात केवळ एक सामना जिंकून तळाला राहिला.

त्या दिवशी दारात जमलेले चाहते एकमताचे नव्हते, हेही सांगितले पाहिजे. काही जण सही करा म्हणत होते, काही जण करू नका म्हणत होते. चाहत्यांना अधिकार देण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप इथूनच निघतो: चाहता म्हणजे कोण, त्याच्या वतीने बोलणार कोण, आणि तोटा झाला तर भरणार कोण? हा आक्षेप मी हलका मानत नाही. आपल्या भागाने सहकार पाहिलेला आहे. माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या पेटीत एका सहकारी कारखान्याच्या भागाचे, म्हणजे शेअरचे, प्रमाणपत्र अजून आहे. एक सभासद, एक मत, हे तत्त्व तिथे कागदावर पूर्णपणे शाबूत होते. वार्षिक सभाही वेळेवर होत. कारखाना कर्जात गेला, बंद पडला, ताब्याचे प्रकरण न्यायालयात गेले, आणि वडिलांचा ऊस त्या वर्षी शेतात वाळला. मालकी हजारो लोकांत वाटली म्हणजे त्यांचे हित आपोआप जपले जाते, असे म्हणण्याची माझी म्हणूनच तयारी नाही. जर्मनीत क्लबाच्या मतांचे बहुमत सभासदांच्या संस्थेकडेच राहिले पाहिजे असा ‘५०+१’ नियम १९९८ पासून आहे, आणि मला तो आदर्शाच्या जवळ जाणारा वाटतो. पण हॅनोव्हरमध्ये सभासदांची मूळ संस्था आणि व्यावसायिक संघ चालवणारी कंपनी यांच्यातील वाद तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेलाच.

चाहत्यांना क्लबाची मालकी द्या, असे मी म्हणत नाही. त्यांची वहिवाट मान्य करा, एवढेच म्हणतो. मालकाचा हक्क निरपवाद असतो, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्याच राज्याचा इतिहास आठवावा. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कूळकायद्याने जमिनीशी कसणाऱ्याचे असलेले नाते सातबाऱ्यावरच्या नावापेक्षा वजनदार मानले. चाहता हा काही कूळ नव्हे, आणि त्याला क्लब बहाल करण्याचे कारण नाही. परंतु क्लबाच्या नावाला जी किंमत बाजारात येते ती त्याच्या वर्षानुवर्षांच्या येण्याजाण्यातून निर्माण झालेली असते, आणि ती किंमत मोजून विकत घेणारा मालक त्या येण्याजाण्याशी आपला संबंध नाही असे म्हणू शकत नाही.

अशी वहिवाट प्रत्यक्षात कशी जपता येते, याची नमुनेदार व्यवस्था लंडनच्या चेल्सी क्लबात आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘चेल्सी पिच ओनर्स’ या संस्थेकडे स्टॅमफर्ड ब्रिजच्या मैदानाची जमीन आणि ‘चेल्सी फुटबॉल क्लब’ हे नाव वापरण्याचा हक्क आहे. तिचे भाग चाहत्यांनी घेतलेले आहेत. अमळनेरमध्ये विप्रोचे भाग पिढ्यान्‌पिढ्या जपलेली घरे आहेत, आणि त्या भागांनी त्या घरांना संपन्नता दिली. चेल्सीच्या या भागांवर लाभांश मिळण्याची अपेक्षा कोणीही ठेवत नाही; त्यांची किंमत नकार देण्याच्या अधिकारात आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये त्या वेळच्या अब्जाधीश मालकाला ही जमीन परत हवी होती. त्यासाठी ७५ टक्के मते लागत होती, मिळाली ६१.६ टक्के, आणि जमीन होती तिथेच राहिली. पुढे मार्च २०२२ मध्ये त्या मालकावर निर्बंध आले आणि मे महिन्यात क्लब विकला गेला, तेव्हाही मैदानाचा प्रश्न त्या उलथापालथीबाहेर राहिला.

इंग्लंडने जुलै २०२५ मध्ये मंजूर केलेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने हीच दिशा घेतली आहे. तिथे आता स्वतंत्र नियामक आहे. मैदान विकायचे तर त्याची मान्यता लागते, आणि क्लबाचे मानचिन्ह किंवा घरच्या जर्सीचे मुख्य रंग बदलायचे तर चाहत्यांच्या बहुमताचा पाठिंबा लागतो. आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्येच राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्याने क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद केली आणि महासंघांच्या कारभारात खेळाडूंना जागा दिली, ही चांगली गोष्ट आहे. प्रेक्षकाचे नाव मात्र त्यात कुठे नाही.

महाराष्ट्राला याची झळ आधीच बसलेली आहे. २०१५ मध्ये पुणे एफसी बंद झाला, २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याची लीगमधली जागा हैदराबादला गेली. पुण्यातल्या बालेवाडीच्या मैदानावर जाणाऱ्यांना हे वर्तमानपत्रातून कळले. कोल्हापुरात पेठांच्या तालमींचे संघ आहेत. पाटाकडील तालीम किंवा शिवाजी तरुण मंडळ यांना कोणी उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकत नाही, कारण संघ आणि पेठ यांच्यामध्ये कंपनीचा कागद नाही. सगळे फुटबॉल तालमींनी चालवावे, असे अर्थातच नाही; लाखो रुपयांच्या वेतनाचा खेळ कंपनीशिवाय चालणार नाही. पण कंपनी आली की पेठेचा हक्क संपतो, हे तत्त्व आपण कधी आणि कोणत्या चर्चेत मान्य केले, हे मला सापडत नाही.

मार्ग काढायला नवा मोठा कायदाही लागेल असे नाही. क्लबाला दरवर्षी परवाना देताना महासंघ एका हंगामाच्या वेतनाइतकी रक्कम त्रयस्थ खात्यात ठेवायला लावू शकतो, म्हणजे मालक भांडत असताना खेळाडूंची चूल विझणार नाही. क्लबाचे नाव, मानचिन्ह आणि मैदानाचा भाडेपट्टा विकणाऱ्या कंपनीपासून वेगळ्या विश्वस्त संस्थेकडे ठेवता येतात. मालकीचा दावा दाखल झाला तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४० खाली रिसीव्हर, म्हणजे न्यायालयाचा त्रयस्थ व्यवस्थापक, नेमून संघाचे दैनंदिन कामकाज त्याच्या हाती देण्याची सोय आजही आहे. हंगामाच्या पहिल्या सामन्याआधी त्या अर्जावर निर्णय व्हावा, एवढा आग्रह हवा. आणि त्याच संहितेच्या आदेश १, नियम ८ खाली अनेकांच्या वतीने काहींनी न्यायालयासमोर उभे राहण्याचीही सोय आहे. अडचण एकच आहे की त्यासाठी त्यांचे हित कायद्याने मान्य केलेले हित असावे लागते. तेवढी एक ओळ परवान्याच्या नियमांत आली, की चाहता हा क्लबाच्या कारभारात ऐकून घेतला जाण्यास पात्र असा घटक आहे, तर पुढचे काम आमच्यासारखे वकील करू शकतील.

शेजारचा तो मुलगा आणि त्याचे मित्र आता जळगाव, भुसावळ आणि अमळनेर मिळून अकरा जण झाले आहेत. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली सात जण पुरतात. जळगावच्या धर्मादाय कार्यालयात द्यायच्या अर्जाचा मसुदा गेल्या रविवारी माझ्या टेबलावर तयार झाला. उद्देशाच्या कलमात त्यांनी आधी ‘क्लबाला पाठिंबा देणे’ असे लिहिले होते. ते खोडून आम्ही लिहिले: ‘क्लबाचे नाव, रंग, मैदान आणि हंगाम यांविषयीच्या कोणत्याही कार्यवाहीत चाहत्यांची बाजू मांडणे.’ अर्जावर अकराही जणांच्या सह्या झाल्या आहेत. नावाच्या कलमाची जागा तेवढी कोरी आहे, कारण जर्सीवरचे नाव वापरायला परवानगी मागायची तर ती सध्या कोणाकडे मागायची, हे त्यांना अजून कळायचे आहे.